आधी जावई, मग सासरा

मोटारीच्या बॅटरीला दोन टोके असतात, ही गोष्ट ओस्टॅप द्राचुकला तत्त्वतः मान्य होती. त्याचा वाद निराळ्याच मुद्द्यावर होता. ज्या वस्तूला दोन टोके आहेत, तिच्या कोणत्या टोकाला आधी हात लावावा, हे विचाराने ठरावे की सासऱ्याच्या आरोळीने? ओस्टॅपने एका सरकारी खात्यात नियमांच्या मसुद्यांतील स्वल्पविराम तपासण्यात उभा जन्म घालवला होता. 'आणि' व 'किंवा' यांतील फरकावर त्याने भलेभले मंत्री थकवले होते. कारण विचारल्यावाचून त्याने आजवर एकही आज्ञा पाळली नव्हती. आणि कारण कळल्यावर ती पाळलीच, असेही म्हणता येणार नाही.

अशा माणसाला पवित्र संध्येच्या, म्हणजे युक्रेनी नाताळाच्या पूर्वसंध्येच्या सणाच्या, आदल्या दिवशी सासऱ्याचा फोन आला.

"जावईबापू, थंडी उतरतेय. गाडीची बॅटरी आज घरात घे."

सासरे हॅव्रीलो बोदनार कॅनडातल्या विनिपेगमध्ये नदीपलीकडच्या वृद्धनिवासात राहत. त्याआधी एका खेड्यात त्यांचे गॅरेज होते, आणि गॅरेज बंद झाले तरी गॅरेजात ओरडण्याची पट्टी काही खाली आली नव्हती. डोळे अधू झाले तेव्हा त्यांनी आपली लांबलचक तपकिरी गाडी थोरल्या जावयाच्या स्वाधीन केली होती. दिली नव्हती, स्वाधीन केली होती. हा फरक ओस्टॅपनेच प्रथम दाखवून दिला आणि नंतर त्याचा त्याला पश्चात्ताप झाला.

"बाबा, गाडीच्या नाकाला तार आहे. रात्रभर विजेवर लावून ठेवतो. इंजिन गरम राहतं."

"इंजिन गरम राहतं. बॅटरी गारठते. गरम इंजिन ढकलत आणणार आहेस का मला न्यायला?"

"हल्ली बॅटरी घरात कोणी घेत नाही."

"हल्ली गाड्याही सुरू होत नाहीत. हे बघ, उद्या पहिला तारा दिसायच्या आत मला तुमच्या टेबलावर बसायचंय. तू नाही आलास तर झेनॉन आहे. त्याचा नवा ट्रक आहे. मी धाकटीकडे जाईन जेवायला, आणि गाडीची किल्लीही झेनॉनला देईन."

फोनजवळच उभी असलेली त्याची बायको ल्यूबा हे ऐकून पांढरी पडली. तिची आई गेल्यापासून पवित्र संध्येचे जेवण दरवर्षी धाकट्या बहिणीकडे, म्हणजे झेनॉनच्या घरी होत असे. यंदा प्रथमच थोरलीचा मान थोरलीकडे आला होता. बाराही पदार्थांची तयारी चालू होती. कोबीची पाने उकडून पडली होती, पिरोगीच्या उकडीच्या करंज्या वळून झाल्या होत्या, बीटाच्या साराने अर्धे स्वयंपाकघर लाल केले होते. आणि वडीलच जर आले नाहीत, तर त्या बारा पदार्थांना जेवण कोण म्हणणार?

"आणतो, बाबा," ओस्टॅप गंभीरपणे म्हणाला. "स्वतः बॅटरी काढतो आणि स्वतः लावतो."

"तू?" सासरे म्हणाले. "बरं. मग नीट ऐक. आधी जावई सोडव, मग सासरा. लावताना उलटं. आधी सासरा, शेवटी जावई. यात घोटाळा केलास तर–" इथे मागे जेवणाची घंटा वाजली, आणि सूप गार झालेले हॅव्रीलोंना मुळीच चालत नसल्याने फोन बंद झाला.

ओस्टॅप फोन ठेवून बायकोकडे वळला. "काय म्हणाले हे? आधी जावई सोडव! एवढ्या वर्षांनी?"

"तुला नाही रे," ल्यूबा हसत म्हणाली. "त्यांच्या गॅरेजात काळ्या तारेला जावई म्हणायचे. उण्याच्या टोकाची. आणि लाल तार, अधिकाची, ती सासरा."

"उणे म्हणजे जावई? कारण?"

"शेवटी येतो आणि आधी निघतो."

"मी कधी आधी निघालोय?"

"बाबांच्या घरी तू कधी कोट तरी काढलायस?"

हा प्रश्न मूळ विषयाला सोडून असल्याने ओस्टॅप पाना शोधू लागला.

*

दहा नंबरचा पाना ही जगातील सर्वांत दुर्मीळ वस्तू आहे. ज्या घरात आठ, नऊ, अकरा आणि बारा नंबरचे पाने एका ओळीत टांगलेले असतात, तिथे त्या ओळीत एक रिकामा खिळाही असतो. ओस्टॅपला तो पाना अखेर शेजारच्या फर्गस मॅकअल्पिनकडे मिळाला. पण फर्गसकडची वस्तू एकटी कधीच येत नसे. तिच्यामागून फर्गस येई. त्याने सारी नोकरी रेल्वेत सिग्नल देण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर आगगाड्या हातातून गेल्या आणि त्यांच्या जागी शेजारी आले.

"लाल आधी," बॉनेट उघडताच फर्गसने सिग्नल दिला.

"काळी आधी," ओस्टॅप म्हणाला.

"वीज कुठून येते? अधिकाकडून. मग नळ बंद करायचा तर आधी उगमाशी बंद करायचा. साधी अक्कल आहे. तुझा आधार काय?"

आपल्या म्हणण्याला सासऱ्याखेरीज आधार नाही, ही जाणीव ओस्टॅपला त्या थंडीतही चटका लावून गेली. सासऱ्याच्या शब्दावर काम करणे म्हणजे मसुदा न वाचता सही करणे. गाडी बंद आहे, किल्ली खिशात आहे आणि नाकाची तार विजेवरून काढली आहे, एवढे पाहून तो बॉनेटखाली वाकला आणि विचार करू लागला. उणे सदतीस अंशांत विचार करणारी माणसे जगात थोडी; जी आहेत त्यांच्या नाकाला बर्फाचे लोलक येतात. ओस्टॅपच्याही आले. पण त्याची नजर काळ्या तारेचा मागोवा घेत गेली, आणि त्या तारेचे दुसरे टोक थेट गाडीच्या पत्र्यावर बोल्टने आवळलेले त्याला दिसले.

"फर्गस! हा नुसता जावई नाही. हा घरजावई आहे!"

"काय?"

"बघ ना. याचं दुसरं टोक घराला बांधलेलं आहे. म्हणजे गाडीचा सगळा पत्रा, सगळा सांगाडा, सगळं याचंच झालं. आता याला न सोडवता तू लालवर पाना लावलास, आणि पान्याचं शेपूट कुठेही पत्र्याला टेकलं, की सासरा आणि जावई समोरासमोर! ठिणग्या उडतील. पण आधी जावयाला घरातून काढलं, की सासऱ्याला हवं तसं हलवा. पाना पत्र्याला टेकला तरी भांडायला समोर कोणी नाही."

आपण सासऱ्याचेच म्हणणे सिद्ध केले, याचे ओस्टॅपला थोडे वाईट वाटले. परंतु सिद्ध आपण केले, याचा आनंद त्याहून मोठा होता.

"रेल्वेत असं नव्हतं," फर्गस म्हणाला.

पाना बोल्टला लावणार तोच ओस्टॅपला आपल्या बोटातली अंगठी दिसली. लग्नाची अंगठी सोन्याची असली तरी विजेच्या दृष्टीने ती तारेचाच तुकडा. तो घरात धावला. आत येताच त्याच्या चष्म्यावर पांढरे धुके चढले. त्या आंधळ्या अवस्थेत त्याने अंगठी काढली, चाचपत चाचपत ओट्याच्या कडेची एक वाटी शोधली, अंगठी तिच्यात ठेवली, आणि ल्यूबाचे भांडी घासायचे गुलाबी रबरी हातमोजे चढवून पुन्हा रणांगणावर आला.

"हे काय? बाळंतपण करणार आहेस गाडीचं?" फर्गसने विचारले.

त्या गुलाबी हातांनी काम मात्र चोख केले. आधी काळी तार सुटली. ती चुकून परत टोकाला शिवू नये म्हणून ओस्टॅपने ती जुन्या मोज्यात कोंबून बाजूला वळवली. मग लाल. मग बॅटरी धरून ठेवणारी पट्टी. मग बॅटरी आडवी होऊ न देता, तान्ह्या मुलाला पाळण्यातून उचलावे तशी ती उचलली आणि तो घराकडे निघाला. पायरीवर त्याला मिसेस पेनर आडव्या आल्या.

मिसेस डोरोथिया पेनर त्या वसाहतीच्या समितीच्या अध्यक्ष होत्या. वसाहतीत काय करू नये याची त्यांना खडानखडा माहिती होती. काय करावे, याबद्दल मात्र समितीने अद्याप काही ठरवलेले नव्हते.

"मिस्टर द्राचुक, वसाहतीच्या आवारात वाहनदुरुस्तीला मनाई आहे."

"दुरुस्ती नादुरुस्त वस्तूची होते, मिसेस पेनर. ही गाडी धडधाकट आहे."

"मग तिचा भाग तुमच्या हातात का आहे?"

"तिला थंडी वाजतेय म्हणून तिला घरात नेतोय. वसाहतीच्या नियमांत पाहुणे आणायला परवानगी आहे."

"पाहुणे एका रात्रीपेक्षा जास्त राहिले तर कळवावं लागतं," त्या म्हणाल्या आणि गेल्या. ओस्टॅपला त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटला.

*

घरात बॅटरी कुठे ठेवावी, यावर रात्रीच्या जेवणापर्यंत वाद चालला. शेगडीजवळ नको, हे ओस्टॅपचे म्हणणे. टेबलाखाली नको, हे ल्यूबाचे. शेवटी ती देवाच्या तसबिरीखालच्या कोपऱ्यात पाटावर विराजमान झाली. ते पाहून ल्यूबाने कपाळाला हात लावला.

"तिथे गव्हाची पेंढी ठेवायची असते! पूर्वजांची जागा आहे ती! आजोबा उद्या तिथे येऊन बसायचे आणि त्यांना करंट लागायचा."

"बारा व्होल्टचा करंट लागत नाही."

"आणि ती मेणबत्ती का विझवलीस?"

"बॅटरीतून वायू निघतो. जवळ ज्योत नको."

"वायू तुझ्यातूनही निघतो. म्हणून मी कधी मेणबत्त्या विझवल्या का?"

बॅटरी कपडे धुण्याच्या खोलीत गेली. तिथे ओस्टॅपने खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून तिच्या टोकांवर साचलेला पांढरा-हिरवा थर खरवडला, पुसून कोरडा केला, आणि त्याखाली उमटलेली अधिकाची व उण्याची चिन्हे पाहून एखादा जुना शिलालेख वाचता आल्यासारखा तो सुखावला. त्या सुखात अंगठीचा त्याला संपूर्ण विसर पडला.

*

दुसऱ्या दिवशी दुपार कलू लागताच ओस्टॅप, बॅटरी आणि फर्गस या क्रमाने बाहेर पडले. ओस्टॅपने बॅटरी जागेवर बसवली, पट्टी आवळली, आणि तेवढ्यात आतून ल्यूबाची हाक आली: वरच्या फळीवरचे मोठे पातेले काढून हवे होते. पवित्र संध्येला बायकोची हाक आणि बॅटरी यांत निवड करायची नसते. तो आत गेला.

तो गेला आणि फर्गसच्या अंगातला सिग्नलमन जागा झाला. मित्राचे काम हलके करावे, या एकाच सद्भावनेने त्याने मोज्यातली काळी तार बाहेर काढली, उण्यावर चढवली आणि छान आवळली. मग लाल तार चढवली. मग तिच्यावर पाना लावला. आणि पान्याचे शेपूट पत्र्याला टेकले.

ओस्टॅप दारात आला तेव्हा त्याला एक निळी-पांढरी लखलख दिसली, 'फट्' असा आवाज ऐकू आला, आणि फर्गस, त्याची टोपी व पाना हे तिघे तीन दिशांना जाताना दिसले. फर्गस आणि टोपी लगेच सापडली.

"मला काही झालं नाही," फर्गस बर्फात बसूनच म्हणाला. "मला काही झालं नाही. भुवया आहेत का?"

"दोन्ही आहेत."

"मग ते काय होतं?"

"सासरा आणि जावई," ओस्टॅप म्हणाला. सत्य इतक्या लखलखीत रूपात प्रकट झालेले त्याने नोकरीच्या साऱ्या वर्षांत पाहिले नव्हते. फर्गसला उठवताना त्याने चेहरा गंभीर ठेवला, ही त्याच्या सज्जनपणाची कमाल होती.

पण पाना गेला होता. अंगणाच्या कडेला बर्फाचा जो ढीग नोव्हेंबरपासून चढत होता, त्यात तो कुठेतरी शिरला होता आणि एप्रिलपूर्वी परत येण्याचे काही कारण नव्हते. काळी तार घट्ट, लाल तार सैल. कामाचा क्रम असा उलटा आवळलेला, आणि सोडवायला हत्यार नाही. दोघांनी हातांनी ढीग उपसला. सूर्य छपरांना टेकला. आत ल्यूबा खिडकीशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात फोन होता आणि तिने तो छातीशी धरला होता. झेनॉनच्या घरचा क्रमांक तिला पाठ होता, आणि तो फिरवायची वेळ येऊ नये एवढेच तिच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते.

ओस्टॅप ताठ उभा राहिला. त्याने सरळ जाऊन मिसेस पेनरचे दार वाजवले.

"दहा नंबरचा पाना आहे का तुमच्याकडे?"

"आहे. समितीचा आहे. टपालपेट्यांसाठी. समितीची मालमत्ता फक्त समितीच्या मालमत्तेवरच वापरता येते."

"उत्तम. फाटकाजवळ जे दिव्यांचं हरिण उभं आहे, ते कोणाचं?"

"समितीचं."

"त्याचं डावं शिंग सैल झालंय. वाऱ्यात हलतं. कोणाच्या डोळ्यात गेलं तर जबाबदारी कोणाची?"

मिसेस पेनरनी पडदा सारून बाहेर पाहिले. डावे शिंग खरोखरच हलत होते. त्या आत गेल्या आणि पाना घेऊन आल्या. "हरणासाठी," त्या करड्या स्वरात म्हणाल्या.

"हरणासाठी," ओस्टॅपने शब्द दिला. शब्द देताना 'फक्त' हे पद त्यात नाही, हे त्याने मनातल्या मनात तपासून घेतले होते.

त्याने हरणाचे शिंग आवळले, आणि असे आवळले की त्या हरणाला एवढा आत्मविश्वास कधी वाटला नसेल. काम नीट झाले की नाही हे पाहायला म्हणून त्याने हरणाची वायर शेजारीच पडलेल्या आपल्या लांब वायरीच्या मोकळ्या तोंडात खुपसली. त्याच वायरीत सकाळपासून गाडीच्या नाकाची तारही लावलेली होती. हरिण उजळले. मग तो बॉनेटकडे वळला.

आता तो कोणाचे ऐकणार नव्हता. फर्गसला त्याने दोन पावले मागे उभे केले. जावई सोडवला, दूर केला. सासरा आवळला, हलवून पाहिला, हलेना, वर लाल टोपण बसवले. आणि मग, सर्वांत शेवटी, काळी तार उण्याला टेकवली.

'टिक्.' एवढीशी ठिणगी उडाली. काजव्याएवढी.

"पुन्हा!" फर्गस ओरडला.

"ही ती नाही," ओस्टॅप शांतपणे म्हणाला. "गाडीत कुठेतरी बारीकसं काहीतरी जागं असतं. शेवटची जोडणी झाली की एवढी उडते. म्हणजे ओळख पटली."

किल्ली फिरवली. तपकिरी गाडीने एकदा कण्हून पाहिले, एकदा विचार केला, आणि मग घसा खाकरून असा हुंकार दिला की समोरच्या झाडावरचे बर्फ खाली आले. फर्गसने टोपी हवेत उडवली. खिडकीतल्या ल्यूबाने फोन खाली ठेवला. गाडीच्या आतल्या घड्याळात मात्र बारा वाजले होते. बॅटरी सुटली की घड्याळाची स्मृती जाते; पण आपले बारा वाजावेत आणि तरीही गाडी सुरू असावी, हे भाग्य ओस्टॅपला प्रथमच लाभत होते. त्या धुंदीत त्याने बॉनेट आपटले, गाडी मागे घेतली आणि निघाला.

विनिपेगमध्ये जन्मलेला प्रत्येक माणूस आयुष्यात एकदा तरी नाकाची तार विजेवरून न काढता गाडी हाकतो. साधारणपणे तार तुटते, नाहीतर सुटते, आणि विषय संपतो. ओस्टॅपची तार त्याच्यासारखीच चिवट होती. ती सुटली ती विजेच्या खांबाकडच्या टोकाला. बाकी सगळे, म्हणजे तार, लांब वायर आणि त्या वायरीला जोडलेले समितीचे हरिण, गाडीमागोमाग निघाले.

रस्त्यात लोक हात हलवत होते. ओस्टॅपही हात हलवत होता. आपल्या विजयाची बातमी एवढ्या लवकर नदीपर्यंत कशी पोहोचली, याचे त्याला नवल वाटले. पण सणाच्या दिवशी माणसे मोकळ्या मनाची होतात, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. पुलावर एक बस ड्रायव्हर खिडकी उघडून काहीतरी ओरडला. ओस्टॅपने त्यालाही शुभेच्छा दिल्या.

*

वृद्धनिवासाच्या काचेच्या दारात हॅव्रीलो बोदनार कोट, टोपी आणि काठीसह उभे होते. गाडी थांबली. तिच्यामागून बर्फावर कुशीने घसरत हरिण आले आणि थांबले.

"जावईबापू," हॅव्रीलो म्हणाले, "गाडी सुरू आहे, मग हरिण कशाला जुंपलंस?"

ओस्टॅपने मागे वळून पाहिले. नदी, पूल, बस ड्रायव्हर आणि हात हलवणारी सारी माणसे त्याच्या डोळ्यांसमोरून एकदम गेली.

"समितीचं आहे," तो कसाबसा म्हणाला.

हॅव्रीलोंनी काठीने हरणाला डिवचले. एक बाजू खरवडली होती, शेपटी गेली होती. पण डावे शिंग तसूभर हलले नव्हते. "हे शिंग कोणी आवळलं?"

"मी."

"हं," म्हातारा म्हणाला. ओस्टॅपने लग्नाच्या दिवसापासून ज्याची वाट पाहिली होती, तो हा उद्गार होता.

हरिण मागच्या सीटवर बसले. हॅव्रीलोंनी त्याला पट्टा बांधायला लावला. वाटेत म्हातारा इंजिनचा आवाज ऐकत होता. "आधी कोण काढलास?"

"जावई."

"शेवटी कोण लावलास?"

"जावई. आणि का, तेही सांगू शकतो."

"का?"

ओस्टॅपने घरजावयाचा सिद्धांत साद्यंत सांगितला. हॅव्रीलोंनी तो पूल संपेपर्यंत ऐकून घेतला.

"इतकी वर्षं मी पोरांना ओरडून सांगितलं, पण का, ते कोणी विचारलं नाही," ते म्हणाले. "बरं झालं. मलाही माहीत नव्हतं." मग थोड्या वेळाने: "मी झेनॉनला फोन करून ठेवला होता. तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे." ते थांबले. "तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणूनच. त्याचा नवा ट्रक उठलाच नाही."

पुढचा सिग्नल हिरवा असतानाही ओस्टॅपने गाडी जरा सावकाश नेली. असे वाक्य संपूर्ण पचायला रस्ता लांब हवा असतो.

ते घरी पोहोचले तेव्हा पश्चिमेला एक ठिपका चमकत होता.

"तारा!" हॅव्रीलो म्हणाले.

"विमान असू शकेल," ओस्टॅप म्हणाला. "आणि तारा म्हणजे तारा की ग्रहही चालेल, हे कुठे स्पष्ट–"

"आत ये!" दारातून ल्यूबा ओरडली. वडिलांना पाहून तिचे डोळे भरले होते, आणि त्यांच्या मागून नवरा काखेत हरिण घेऊन येताना पाहून ते तसेच भरलेले राहिले.

*

पवित्र संध्येच्या टेबलावर एक जागा रिकामी ठेवायची असते. अवचित कोणी आला तर त्याला बसवायचे, नाही म्हणायचे नाही. दार वाजले. मिसेस पेनर होत्या.

"समितीचा पाना," त्या म्हणाल्या. "आणि फाटकाजवळचं हरिण नाहीसं झालंय."

"दोन्ही आत आहेत. या, बसा," ल्यूबा म्हणाली, आणि त्यांना काही समजायच्या आत त्या रिकाम्या खुर्चीवर बसवल्या गेल्या. त्यांच्यासमोर भिंतीशी हरिण उभे होते. ओस्टॅपने आल्या आल्या, अंगावरचा कोटही न काढता, त्याची वायर भिंतीत लावली होती आणि तो तसाच टेबलाशी बसला होता. ते उजळले होते. मिसेस पेनर त्याच्या शेपटीच्या जागेकडे, मग डाव्या शिंगाकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

"शिंग मात्र छान बसलंय," त्या अखेर म्हणाल्या आणि त्यांनी नॅपकिन पसरला.

मेणबत्ती लागली. मध, गहू आणि काळ्या खसखशीची दाट खीर पहिली आली. पहिला चमचा घरातल्या वडीलधाऱ्याने छताकडे भिरकावायचा; दाणे चिकटले तर वर्ष बरकतीचे. हॅव्रीलोंनी उठून, डोळे मिटून, गॅरेजातल्या जुन्या जोराने चमचा वर झटकला. 'थप्प' झाले. सगळ्यांनी वर पाहिले. छताला खिरीचा मोठा गोळा चिकटला होता, आणि मेणबत्तीच्या उजेडात त्या गोळ्याच्या मधोमध काहीतरी पिवळे चमकत होते.

ल्यूबाने छताकडे पाहिले. मग नवऱ्याच्या बोटाकडे पाहिले. मग ओट्यावरच्या रिकाम्या वाटीकडे.

"ओस्टॅप. काल तू अंगठी कुठे ठेवलीस?"

"वाटीत."

"वाटीत खसखस होती!"

"माझा चष्मा धुकटला होता. शिवाय सुरक्षिततेच्या दृष्टीने धातूची कोणतीही वस्तू–"

तेवढ्यात अंगठी सुटली. गोळा जागच्या जागी राहिला, एक दाणाही हलला नाही. अंगठी तेवढी एकटी खाली आली आणि 'टण्ण' करून हॅव्रीलोंच्या ताटात पडली.

म्हाताऱ्याने ती दोन बोटांत उचलली. त्याच्या सगळ्या सुरकुत्या एकाच वेळी हसू लागल्या.

"बघा! सगळे चिकटून राहिले. सगळ्यांत आधी सुटला तो जावई!"

मिसेस पेनर इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावे लागले. ओस्टॅपही हसला असता, पण त्याला मुद्दा मांडायचा होता. "पण बाबा, नियमाचा दुसरा भागही आहे."

"आहे ना," हॅव्रीलो म्हणाले, आणि त्यांनी अंगठी लेकीच्या हातावर ठेवली. "लाव. शेवटी जावई."

ल्यूबाने अंगठीवरचा मध पुसला. हिवाळ्यात त्या शहरातली घरे आतून इतकी कोरडी होतात, की गालिच्यावरून चालत येऊन माणसाने माणसाला हात लावला तरी चटका बसतो. ती टेबलाला वळसा घालून आली, तिने ओस्टॅपचा हात धरला, आणि अंगठी बोटाला टेकवताच–

'टिक्.'

एवढीशी ठिणगी उडाली. काजव्याएवढी. दोघांनीही हात झटकले नाहीत.

"बरोबर लागली," हॅव्रीलो बोदनार म्हणाले आणि खिरीत चमचा बुडवला. "आता कोट काढ."